सायकलनं नागपूर? काऊन नाही?

मंडळी, नमस्कार. तर्री संपली, पोहे उरले. दोष कोणाचा यावर दोन समित्या भांडताहेत, म्हणून मला लवकर उभं केलंय.

मघाशी दाराशी आपल्याच एका नऊ वर्षांच्या पोरीनं विचारलं, "सायकलनं आजीकडे नागपूरला जाता येतं?" बाबा म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "काऊन नाही?"

डच शाळेतली पोर, 'काऊन' मात्र आजीचं. आणि आपण चौघे मोठे, चार किलोमीटरसाठी गाड्या काढून आलेले, किल्ल्या हातात घेऊन गप्प.

तर ऐका. रॉटरडॅमहून ऱ्हाइनच्या काठानं युरोवेलो 15, म्हणजे युरोपातला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग, स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत. चढाची भीती नको, बाझल समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर. दमवतो वारा. तो बहुतेक नैऋत्येचा, म्हणजे वाट दक्षिणेकडे वळली की बरेचदा तोंडावरच. बाझलला युरोवेलो 6 धरा, डॅन्यूबला लागा, मग व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड नदीच्या उतारानं. नागपूरहून भाचे सोबतीला येणार असतील तर शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाचे, दिवस मोजा, कुठल्याही 180 दिवसांत 90. सर्बियातले दिवस त्यात धरत नाहीत. रोमानिया-बल्गेरियातलेही पूर्वी धरत नसत, आता धरतात. जुन्या माहितीवर निघालेले इथंच फसतात.

सायकलचं काय मोडतं? मागच्या चाकाची तार, आणि बहुतेकदा उजवीकडची. गिअरच्या चकत्यांना जागा हवी म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या बसवतात, ताणही त्यांच्यावर जास्त. वीस-पंचवीस किलो सामान लादलं की प्रत्येक फेऱ्यात तार सैल होते, ताणते, सैल होते, आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकलेल्या जागी तुटते. त्यातही मुळात सैल बसवलेली आधी जाते. उजवी तार बदलायची तर चकत्या उतरवाव्या लागतात. जादा तारा घेतल्या आणि चकत्या खोलायचं हत्यार घरी राहिलं, तर पाटोडी नेली न् रस्सा विसरला म्हणायचं.

बाबांच्या काळ्या सायकलला मागे 40 तारा होत्या, पुढे 32. कॅरिअरवर गव्हाचं पोतं, दांड्यावर आपण. चाक हललं नाही. लांबच्या वाटेला मागे निदान 36 हव्यात. आपण घेतो 20 तारांची शर्यतीची सायकल, गटावर फोटो टाकतो आणि हिवाळाभर तिच्यावर स्वेटर वाळवतो. माझं तर लोकरी मफलरही वाळतंय.

चेन पट्टीनं मोजा. 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. एक-सोळांश इंच वाढल्या की चेन बदला. एक-अष्टमांशपर्यंत ओढत नेलं तर चकत्याही बदलाव्या लागतात. इथं काटकसर महागात पडते, हे आपल्यासारख्या काटकसरी मंडळाला मुद्दाम सांगतोय.

इस्तंबूल, तुर्कस्तान, जॉर्जिया इथवर रस्ता आहे. पुढे बाबांचं 'नाही' थोडं खरं. अझरबैजाननं 2020 मध्ये जमिनीवरून येणं बंद केलं, आपली पाकिस्तानकडची अटारीची सीमा एप्रिल 2025 मध्ये बंद झाली. म्हणजे तिबिलिसीहून सायकल खोक्यात घालून विमानानं दिल्ली. पेडल काढताना लक्षात ठेवा, डावं पेडल उलट आट्यांचं असतं. जोर लावून आवळत बसाल. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत बांधा, नाहीतर तो अडकवायची पट्टी, हँगर, वाकते आणि गिअर नीट पडत नाहीत.

दिल्लीहून राष्ट्रीय महामार्ग 44. झाशी, सागर, शिवनी, पेंचचं जंगल, कामठी रोड, नागपूरचा झिरो माइल. नोव्हेंबरात पोचलात तर संत्री, मे महिन्यात पोचलात तर 45 अंश, आणि शेवटचे शंभर किलोमीटर पहाटेच काढावे लागतील.

एवढं सगळं त्या पोरीला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी मोठी होऊन निघेन तेव्हा आजीचं धरमपेठेतलं घर असेल ना?"

बिल्डरच्या कागदांवर आपल्यापैकी किती जणांनी सह्या केल्यात, ते मी आज विचारत नाही. माझी झाली आहे.