अहवाल कुणापुढे ठेवायचा?

[दृश्य: पांढरा फिल्टर कागद, प्रयोगशाळेतला तराजू]

हवेतली धूळ मोजायची जुनी रीत साधी आहे. पांढरा कागद तोलायचा, यंत्रात बसवायचा, चोवीस तास हवा ओढू द्यायची, मग तोच कागद पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं, तेवढी धूळ. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे हे आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी किमान १०४ वेळा करायचं. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी.

[दृश्य: सात रस्ता, सकाळची गर्दी]

सोलापूरला ते जमलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मानक सतत ओलांडणाऱ्या शहरांत आपलं नाव होतं. शब्द दिला गेला: २०२४ पर्यंत धूळ २० ते ३० टक्के कमी. पुढे तो बदलला: २०२५-२६ पर्यंत ४० टक्के. सिग्नलला नाकावर रुमाल धरून उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं.

शब्द पाळला की नाही, हे बघायचं कुणी?

महापालिका अधिनियमात कलम ६७ अ आहे. दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. अहवाल प्रशासनानं लिहायचा, जाब नगरसेवकांनी विचारायचा. चांगली सोय आहे. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे अहवाल ठेवणारे तेच आणि ज्यांच्यापुढे ठेवायचा तेही तेच! दोष अमुक अधिकाऱ्याचा नाही. समोरची खुर्चीच रिकामी होती.

[दृश्य: फताटेवाडी, धुराडी]

शहराबाहेरही तऱ्हा फारशी वेगळी नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी मिळते ती अटींसह, आणि अटी पाळल्याचा सहामाही अहवाल प्रकल्पचालकानं स्वतःच लिहून पाठवायचा असतो. कोळशावरच्या वीज प्रकल्पांसाठी केंद्रानं डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुराची मर्यादा घातली. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत राहिली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक प्रकल्पांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

तपासणारे नाहीत असं नाही. मंजुरीनंतर देखरेख किती ढिली आहे, हे कॅगनं, म्हणजे सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेनं, २०१६ च्या अहवालात लिहिलं. पण लेखापरीक्षण म्हणजे वरातीमागून घोडं. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे; तिथं बहुधा कुणीतरी पदरमोड करून जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं तर जानेवारी २०१४ मध्येच केंद्राला पर्यावरणासाठी स्वतंत्र नियामक नेमायला सांगितलं होतं, ३१ मार्चच्या आत, शक्य तितक्या राज्यांत कार्यालयांसह. तो नेमला गेला नाही. न्यूझीलंडमध्ये १९८६ च्या कायद्यानं असं पद निर्माण झालं, आणि तिथला पर्यावरण आयुक्त सरकारला नव्हे, संसदेला उत्तर देतो.

[दृश्य: महापालिकेची इमारत]

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता जुलैच्या सभेची विषयपत्रिका मागून बघा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. सोबत सभेचं इतिवृत्तही मागा. धुळीवर आपल्या प्रभागाचे नगरसेवक काय बोलले, ते त्यात असेल. बोलले नसतील, तर तेही कळेल.