टोटल अनायलेशन पुन्हा खेळताना: बांधकाम रखडते ते कशामुळे?

नमस्कार. टोटल अनायलेशन या संगणकावरच्या युद्धनीतीच्या गेमचा सामना या चॅनेलवर टाकल्यापासून प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. सुरुवातीची काही मिनिटे सगळे सुरळीत चालते, मग अचानक कारखाने थांबल्यासारखे होतात आणि अर्धवट इमारती तशाच उभ्या राहतात. गेम जुना असल्यामुळे नव्या संगणकावर अडखळतो का, असे अनेकांनी विचारले आहे. गेम अडखळत नाही. अडखळते ती तुमची अर्थव्यवस्था, आणि आज मी प्रामुख्याने त्याबद्दलच बोलणार आहे.

ओळख थोडक्यात करून देतो, कारण ती बहुतेकांना असेलच. केव्हडॉग एंटरटेनमेंटने बनवलेला हा गेम १९९७ साली जीटी इंटरॅक्टिव्हने प्रसिद्ध केला. मुख्य रचनाकार ख्रिस टेलर, संगीत जेरेमी सोल यांचे. माणसाचे मन यंत्रात उतरवावे की नाही, या वादातून आर्म आणि कोर या दोन पक्षांत पेटलेले युद्ध ४,००० वर्षे चालू आहे, अशी कथा आहे. तुमच्याकडे एक कमांडर असतो, तो पहिली बांधकामे करतो आणि डी-गन या आपल्या शस्त्राच्या एका झटक्यात समोरचे युनिट, म्हणजे शत्रूचे लढाऊ यंत्र, नाहीसे करतो. साधने दोनच आहेत: मेटल आणि एनर्जी. आज हा गेम स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांत विकत मिळतो.

आता मूळ मुद्दा. स्टारक्राफ्ट या अशाच दुसऱ्या गेममध्ये बॅरॅक्स ही सैनिक तयार करणारी इमारत उभारायला मिनरल हे तिथले साधन १५० लागते आणि बांधकाम सुरू करताच ते तुमच्या खात्यातून वजा होते. पुरेसे नसेल, तर काम सुरूच होत नाही. टोटल अनायलेशनमध्ये असा अडथळा नाही. खात्यात जवळजवळ काहीच नसतानाही तुम्ही मोठ्यात मोठ्या कारखान्याचा पाया घालू शकता, कारण इथे किंमत एकदम घेतली जात नाही. काम चालू असेपर्यंत मेटल आणि एनर्जी दर क्षणाला थोडी थोडी वापरली जाते. टाकीत पाणी किती आहे यापेक्षा नळातून किती येते आणि किती वाहून जाते, हा इथला खरा हिशेब आहे. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत हिरवा आकडा आवक दाखवतो आणि लाल आकडा खर्च. लाल आकडा हिरव्याच्या पुढे गेला आणि साठा संपला, की सगळीच कामे एकाच वेळी रखडतात. यालाच आपण खेळाडू ‘स्टॉल होणे’ म्हणतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप यापुढच्या सल्ल्याला आहे. काम मंदावले, तर आणखी बिल्डर (बांधकाम करणारी युनिट) लावा, असे एका प्रेक्षकाने लिहिले आणि त्याखाली कितीतरी जणांनी होकार भरला. हा सल्ला मनापासून दिलेला आहे, हे मला मान्य आहे. पण स्टॉल झालेला असताना तो उलटा पडतो. समजा, एका इमारतीला ६०० मेटल लागते आणि एक बिल्डर ती ६० सेकंदांत बांधतो, म्हणजे तो सेकंदाला १० मेटल वापरतो. तुमची आवकही १० आहे. तुम्ही दुसरा बिल्डर मदतीला दिला, तर दोघांची मागणी २० होईल, आवक मात्र १० वरच राहील. साठा रिकामा असेल, तर इमारतीला ६० सेकंदच लागतील. शिवाय त्याच वेळी कारखान्यात एखादे युनिट बनत असेल, तर त्याच्या वाट्याचे मेटलही या दोघांकडे वळेल. जास्तीचा बिल्डर कामाचा वेग वाढवतो हे खरे, पण साठ्यात किंवा आवकेत शिल्लक असेल तरच.

हीच गोष्ट क्रमाच्या बाजूने पाहा. सारख्याच किमतीचे दोन मेटल एक्सट्रॅक्टर, म्हणजे जमिनीतून मेटल काढणारी यंत्रे, तुम्ही एकाच वेळी सुरू केले आणि मेटल अपुरे असले, तर दोन्ही शेवटी एकदमच पूर्ण होतील. तेच एकामागून एक बांधले, तर पहिला निम्म्या वेळात उभा राहील आणि दुसऱ्याचे काम चालू असतानाच मेटल देऊ लागेल. एकूण खर्च दोन्हीकडे तोच आहे, फक्त दुसऱ्या पद्धतीत उत्पन्न आधी सुरू होते. शिफ्ट दाबून कामांची रांग लावण्याची सोय या गेममध्ये आहे. ती एका बिल्डरला क्रमाने काम देण्यासाठी वापरा.

तिसरी बाजू एनर्जीची आहे आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. मेटल संपले, तर फक्त बांधकाम रखडते. एनर्जी संपली, तर रडार बंद पडते, लेझर टॉवर गोळीबार थांबवतात आणि एक्सट्रॅक्टरलाही एनर्जी लागत असल्यामुळे मेटलची आवक घटते. एका प्रेक्षकाने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतके स्पष्ट दिसते, की मी ते थांबवून थांबवून पाहिले. तळाभोवती टॉवरची चांगली रांग आहे, शत्रूची मोजकीच युनिट येतात आणि एकही टॉवर गोळीबार करत नाही. टॉवर कमी पडले, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. वरच्या पट्टीत मात्र एनर्जीचा साठा शून्य होता, कारण त्यांनी मेटल मेकरची मोठी ओळ चालू ठेवली होती. मेटल मेकर एनर्जी खाऊन मेटल देतो, त्यामुळे तुटवड्याच्या काळात सर्वांत आधी तोच बंद करायला हवा.

प्लसची कळ दाबून गेमचा वेग वाढवा, असेही काहींनी सुचवले आहे. वेग वाढल्यावर आवक आणि खर्च दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. शत्रूही तितकाच लवकर येतो. तुटवडा आहे तिथेच राहतो.

स्टॉल झालाच, तर कारखाने थांबवा, मेटल मेकर बंद करा आणि सर्व बिल्डर एकाच एनर्जी केंद्रावर आणा. या प्रसंगी सगळ्यांनी एकाच कामाला हात लावणे योग्य आहे, कारण दुसरा कोणताही खर्च चालू नसतो. तेवढ्यात कमांडरला जवळपासची झाडे रिक्लेम करायला, म्हणजे मोडून त्यांतले साधन काढून घ्यायला लावा, त्यातून एनर्जी मिळते. लढाईनंतर पडलेल्या सांगाड्यांतून मेटल मिळते आणि गेममधला हा भाग मला आजही फार आवडतो: तुमचा हल्ला शत्रूच्या दारात फसला, तर तुमच्या युनिटचे मेटल त्याच्या बिल्डरच्या हातात जाते. म्हणून अपुऱ्या फौजेने केलेली घाईची चढाई इथे दुप्पट महाग पडते.

पुढच्या भागासाठी तुमच्या सामन्यांची रेकॉर्डिंग पाठवताना कृपया वरची पट्टी कापू नका. ती दिसत नसेल, तर सामना कुठे हातातून गेला हे मला सांगता येणार नाही.