ब्लॉक करण्याआधीची दहा मिनिटं

(दृश्य: अंधारात उजळलेला फोन. मेसेज रिक्वेस्टमध्ये एक अनोळखी खातं.)

रात्रीचे 11 वाजून 43 मिनिटं. खात्याला फोटो नाही, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. खाली एक ओळ : ‘तुझे फोटो माझ्याकडे आहेत. उद्या सगळ्यांना दिसतील.’

अंगठा आपसूक ‘ब्लॉक’कडे जातो. त्याला दहा मिनिटं आवरा.

इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट स्वीकारेपर्यंत आपण मेसेज वाचल्याचं समोरच्याला कळत नाही. म्हणून ती स्वीकारू नका आणि उत्तरही देऊ नका. ‘कोण आहेस तू?’ एवढं विचारलं, तरी आपण घाबरलोय हे त्याला कळतं. पैसे मागत असेल तर एक रुपयाही पाठवू नका. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते.

(दृश्य: स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू होतं.)

पाठवणारा तो मेसेज कधीही मागे घेऊ शकतो, यूजरनेमही बदलू शकतो. त्यामुळे नुसत्या मजकुराचा स्क्रीनशॉट पुढे फारसा कामाला येत नाही : हे कुणी, कधी पाठवलं, ते त्यात नसतं. स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. फोनच्या होम स्क्रीनपासून सुरुवात करा, ॲप उघडा, मेसेज दाखवा, मग त्या खात्याच्या प्रोफाइलवर जा. चॅट डावीकडे सरकवली की प्रत्येक मेसेजची वेळ दिसते. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांमधून तिची लिंक कॉपी करा आणि वेगळी लिहून ठेवा.

स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलात तर त्याचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या.

व्हॉट्सॲपवर दोन चुका हमखास होतात. पहिली, तो नंबर ‘त्रास देणारा’ अशा नावाने सेव्ह करणं. मग प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये नंबराऐवजी आपणच दिलेलं नाव दिसतं. दुसरी, घाईघाईने रिपोर्ट करून ब्लॉक करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय तसाच राहू देणं. पुरावा आपल्याच हाताने जातो. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक.

(दृश्य: स्टोरीवरची ‘मला निनावी प्रश्न विचारा’ अशी लिंक.)

निनावी प्रश्नांच्या ॲपचं प्रकरण वेगळं आहे. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, एनजीएल या ॲपवर कारवाई केली. कमिशनचा आरोप असा, की मुलांना येणारे काही मेसेज कंपनीच बनवून पाठवत होती. कुणी पाठवलं हे कळेल म्हणून पैसे भरले, तर हाती जुजबी इशारे यायचे. कंपनीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. घरातलं मूल अशा मेसेजने रडत असेल, तर पाठवणारा वर्गातलाच असेल असं धरून चालू नका. आधी ती लिंक काढून टाका.

आता कायदा. निनावी राहून धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 (4) खाली गुन्हा आहे. मूळ धमकीच्या शिक्षेखेरीज त्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 66 अ चा उल्लेख मात्र तक्रारीत करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते 2015 मध्येच रद्द केलं आहे. खासगी फोटोंचा प्रश्न असेल तर संमतीशिवाय पसरवले जाणारे फोटो रोखणाऱ्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी ॲप तो फोटो ओळखून अडवू शकतात. फोटो स्वतः आपल्या फोनबाहेर जात नाही. ही सोय 18 वर्षांवरच्यांसाठी आहे. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नये, ते पाठवणंच गुन्हा ठरू शकतं.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन. पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी नाव न देण्याची सोय आहे, पण नाव न दिल्यास तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही.

दिरंगाई नको, कारण बंद केलेल्या खात्याची नोंदणीची माहिती जपून ठेवण्याचं ॲपच्या कंपनीवरचं बंधन 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार 180 दिवसांचं आहे. पोलीस या कंपनीकडून नोंदणीचा मोबाइल नंबर आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मागवतात. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्या गर्दीतून नेमका माणूस शोधायचा तर मिनिट-सेकंद अचूक हवेत. त्यातच परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत असतात, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. आपले 11:43 तिथे 18:13 असतात.

(दृश्य: कोरा कागद, पेन.)

म्हणून तक्रारीची पहिली ओळ अशी लिहा : ‘अमुक तारखेला, भारतीय वेळेनुसार रात्री 11:43 वाजता, या यूजरनेमच्या आणि या लिंकच्या खात्यावरून मला पुढील मजकूर आला.’ आणि खाली तो मजकूर, शिव्या असल्या तरी, जसाच्या तसा.