जुन्या व्हॅनचे ब्रेक: लायनर बदलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मारुती ओम्नी व्हॅनचं उत्पादन 2019 साली थांबलं, पण आपल्या मराठवाड्यातल्या शाळेच्या पोरांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली अशी व्हॅन ब्रेकची तक्रार घेऊन गॅरेजात आली, की पहिलं वाक्य ठरलेलं: "लायनर गेले असतील, नवे टाका." लायनर म्हणजे ब्रेकमधला घासून झिजणारा थर. लायनर पडतात, पैसे जातात आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात. म्हणून म्हणतो, पाना उचलण्याआधी पेडलवर पाय ठेवा.

गाडीला बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा, असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. मग पाय दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर आधी व्हॅक्यूमचा पाइप बघा, मग त्यावरचा वॉल्व्ह, आणि बूस्टर सगळ्यात शेवटी. तोच महाग असतो.

आता पाय तसाच ठेवा. पेडल सावकाश खाली बसत चाललं, बाहेर कुठं ओल नाही, बाटलीतलं ब्रेक ऑइलही कमी होत नाही, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोरानं ऑइल चाकांकडं ढकलणाऱ्या नळकांड्याचे) वायसर, म्हणजे आतले रबरी सील, आतल्या आत ऑइल सोडतायत. ऑइल कमी होत असेल तर मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओघळ शोधा, चाकातला छोटा व्हील सिलिंडर गळत असतो. पेडल मऊ लागलं तर लाइनमध्ये हवा. पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर, टणक येतं, तर बहुतेक शू (लायनर बसवलेल्या पट्ट्या) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यापासून, लांब गेलेत; नुसत्या अॅडजस्टमेंटनं काम होतं.

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त चकवतो तो चाकाजवळचा रबरी होस. वरून बघावं तर ठणठणीत, आतून फुगून बारीक झालेला. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जातं, पण पाय उचलल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो. मग चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते, अॅव्हरेज पडतं, आणि लोक कॅलिपर (डिस्क ब्रेकची पकड) बदलत बसतात. याची पारख अशी: गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकवर ते चाक उचला. पेडल दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर ब्रेकवरचा हवा काढायचा निपल, म्हणजे छोटा पोकळ स्क्रू, थोडा ढिला करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत प्रेशर कोंडलं होतं. पुन्हा पेडल दाबून सोडा आणि या वेळी होसच्या आधीचा लोखंडी पाइप ढिला करा. आता चाक सुटलं नाही, तर दोषी होसच. निपल उघडूनही चाक धरलेलंच असेल, तर पिस्टन किंवा शू जाम आहे.

पेडल मारून लाइनमधली हवा काढतानाही एक गोष्ट सांभाळा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वायसर एरवी जात नाहीत, तिथं गंज धरलेला असतो. पेडल तळापर्यंत दणादण मारलं की वायसर त्यावर घासून फाटतात आणि चांगला सिलिंडर हवा काढता काढता निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट 3 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो, पाणी मुरलं की तो 140 पर्यंत उतरू शकतो. अशी गाडी मे महिन्यात भरून औट्रम घाटानं चाळीसगावकडं न्यूट्रलमध्ये, सारखा ब्रेक दाबत उतरवली, की ऑइल उकळतं, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा, ऑइल दर दोन वर्षांनी बदला. आणि बाटली कमी दिसली म्हणून इंजिन ऑइल ओतणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. इंजिन ऑइलनं सगळे वायसर फुगतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

काम झाल्यावर गाडी लगेच शाळेच्या फेरीला लावू नका. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात थांबवून बघा, चार-पाच किलोमीटर फिरवा, मग चारी चाकांजवळ हात धरा, टेकवू नका. डाव्या-उजव्या जोडीच्या चाकांत एक जास्त तापलेलं लागलं, तर जॅक पुन्हा तिथंच लावायचा.