हरल्यानंतरची मॅच

नमस्कार मंडळी. माजी विद्यार्थी मंडळानं मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॉलेजचा फुटबॉल आणि निष्ठा’. विषय मीच दिला होता, तेव्हा गेल्या आठवड्यातली मॅच झाली नव्हती. आता झाली. सात-शून्य. ती पोरं इथं दुसऱ्या रांगेत बसली आहेत आणि मी आकडा मुद्दाम मोठ्यानं उच्चारला, कारण आठवडाभर कॉलेजात सगळे तो कुजबुजत आहेत. कुजबुजण्यासारखं त्यात काय आहे? सात गोल खाल्ले आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत खेळले. एकानंही पाय दुखतोय म्हणून बाहेरचा रस्ता धरला नाही.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. संघाच्या पाठीमागं कोण आहे हे फायनलच्या गर्दीत कळत नाही. वाईट हरल्यानंतरची जी पहिली मॅच असते, तिला कोण येतं ते मोजायचं. याची कारणं शेवटी सांगतो, आधी थोडी पार्श्वभूमी.

कोल्हापुरात फुटबॉलची निष्ठा कुणी शिकवावी लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, ज्या गल्लीत पाळणा हलला तिथला संघ. मी शिवाजी पेठेतला, बायको मंगळवार पेठेतली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की त्या दिवशी आमच्याकडं स्वयंपाक सकाळीच उरकतो, म्हणजे संध्याकाळी कुणी कुणाला वाढायचा प्रश्न राहत नाही. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या घरांत हेच आहे. आमचे संघ तालमींतून आले, म्हणून बऱ्याच संघांच्या नावातच तालीम मंडळ. कुस्तीवर पोसलेल्या गावानं फुटबॉल उचलला तोही लाल मातीच्या हिशेबानं. खासबागेत पाठ लागलेल्या मल्लाला वस्ताद घरी पाठवत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे आखाडा खणायला लावतो.

पण कॉलेजच्या संघाला पेठ नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, याच्याकडं परत यायचं आहे.

आता 1987 सालची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते कुणाला लावून घ्यायला नको. कॉलेज-कॉलेजांच्या झोनल स्पर्धेची सेमीफायनल. पावसाळा नुकताच सरत आलेला, गोलच्या तोंडाशी नुसता चिखल. पाचएकशे पोरं सायकली घेऊन आलेली. वर्गणी काढून हलगीवाला सांगितला होता. हारही आणून ठेवलेले, बादलीत पाणी शिंपडून, ओल्या फडक्याखाली. आमचा गोली माझा बाकावरचा जोडीदार. मॅचच्या आदल्या रात्री आम्ही दोघं गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायलो होतो आणि तो म्हणाला होता, ‘एक जरी गोल खाल्ला तरी तू ओरड, मला तुझा आवाज ओळखू येतो.’

पहिल्या पंधरा मिनिटांत तीन बसले. हाफ टाइमला चार. मी ओरडत होतो. पाचवा बसला तेव्हा चेंडू त्याच्या हातांखालून, चिखलातून अगदी सावकाश आत गेला, आणि सगळ्या स्टँडमध्ये हसू फुटलं. आमच्याच पोरांचं हसू. मी उठलो. सायकल काढली आणि थेट रंकाळा गाठला. संध्यामठाच्या बाजूला काळोख पडेपर्यंत बसून राहिलो. आठ-शून्य झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. गोलीनं मला नंतर एवढंच विचारलं, ‘सहाव्याला आवाज आला नाही तुझा. घसा बसला होता काय?’ मी हो म्हणालो. ते खोटं होतं, आणि इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच चार लोकांत सांगतोय.

त्या संध्याकाळी खेळाडूंना न्यायला येणारी गाडी आलीच नाही. जिंकलो असतो तर आली असती. पोरं बूट गळ्यात अडकवून, चिखलाच्या पायांनी मिरजकर तिकटीपर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावरचा संघाचा फोटो काढलेला होता आणि एका सरांनी भर वर्गात गोलीला उभं करून ‘कॉलेजचं नाव घालवलंस’ म्हणून ऐकवलं. एकोणीस वर्षांचं पोर. घरी आईला मदत म्हणून पहाटे पेपर टाकायचं आणि मग सरावाला यायचं. त्यानं कुणाचं काय घालवलं होतं? मला आजही राग येतो, आवाज चढला तर माफ करा.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाची मॅच होती. मी जाणारच नव्हतो. लाज वाटत होती, खरं तर माझी मलाच. सायकलवरून स्टेडियमच्या बाजूनं निघालो होतो आणि आतून हलगी ऐकू आली. म्हटलं, समोरच्या संघानं आणली असेल. आत डोकावलो तर आमचाच हलगीवाला. स्टँडमध्ये आमच्या कॉलेजची दहा माणसं, त्यात एक शिपाईमामा. मी अकरावा. मी हलगीवाल्याला विचारलं, ‘काका, तुम्ही कसं काय?’ तो वाजवायचं न थांबवता म्हणाला, ‘पैसं दोन मॅचचं घेतल्यात. फायनल न्हाई तर न्हाई, मॅच तर हाय न्हवं?’

तो ना कॉलेजचा, ना पेठेचा. सुपारी मोडली असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो, त्यानं धरलं नव्हतं.

ती मॅचही आम्ही हरलो, एक-दोन. पण तो एक गोल झाला तेव्हा अकरा माणसं आणि एक हलगी यांनी जो दंगा केला, तसा पाचशेंनी केला नव्हता. मी गोलीच्या पाठीमागच्या बाजूला जाऊन घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्यानं एकदाच वळून पाहिलं. मैदानावरच्या आमच्या अकरा खेळाडूंपैकी सात जण तिसऱ्या वर्षाचे होते. कॉलेजच्या जर्सीत ती त्यांची शेवटची मॅच. गोली पुढं शिरोलीला कारखान्यात लागला आणि परत कधी गोलात उभा राहिला नाही.

संयोजक घड्याळाकडं बघतायत. आठ मिनिटं आहेत म्हणे. बरं, मुद्द्यावर येतो, भरभर.

पेठेचा संघ यंदा हरला तर पुढच्या सीझनला तीच पोरं असतात, समर्थकाला रुसून बसायला वेळ असतो. कॉलेजचा संघ दर तीन वर्षांनी अख्खा बदलतो. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य आपण ज्यांच्याबद्दल बोलतो, ते पुढच्या वर्षी नसतातच. जे द्यायचं ते याच महिन्यात द्यायला लागतं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठी आहे.

दुसरं. मोठी हार ही गुणवत्तेचा निकाल नसते. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून दहा-एकनं हरला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांना तेव्हा काढलं असतं तर? चार वर्षांनी मेलबर्नला त्यांच्याच हाताखाली भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला, नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले. 1962 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये आपण पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून दोन-शून्यनं हरलो, आणि फायनलला त्याच कोरियाला दोन-एकनं हरवून सुवर्णपदक घेतलं. जर्नेलसिंग डोक्याला टाके असताना खेळला आणि त्यानं गोल मारला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगानं गेले.

तिसरं, आणि हे पहिल्या दोन्हीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. दर वेळी असं फळ मिळत नाही. 2014 च्या वर्ल्डकपला आपल्या पेठांत ब्राझीलचे झेंडे किती लागले होते आठवतं ना? रात्री दीड वाजता मॅच, बाहेर पाऊस, पडद्यासमोर गल्ली भरलेली. एकोणतीस मिनिटांत जर्मनीचे पाच गोल. शेवटी सात-एक. चार दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचमध्ये नेदरलँड्सनं ब्राझीलला अजून तीन मारले. बक्षीस मिळालं नाही. तरी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी झेंडा वर्ल्डकपची फायनल होईपर्यंत उतरवू दिला नाही, भिजून चिंब झाला तरी.

संपवतोच. विद्यार्थ्यांना तीन विनंत्या. पाचव्या गोलाला जागेवरून उठू नका. आपल्या गोलीला हसू नका, मोबाईलवर तर अजिबात नाही. आणि संघाचा फोटो बोर्डावरून उतरवू नका. तो आहे ना अजून जागेवर? आहे म्हणतायत. छान.

गुरुवारी साडेतीन वाजता आपल्या ग्राउंडवर पोरांची मैत्रीपूर्ण मॅच आहे. स्पर्धेत मोजली जाणार नाही, पेपरात येणार नाही. मी सव्वातीनलाच येऊन गोलच्या मागं उभा राहतो. हलगी सांगितली आहे, पैसे दिलेत. तू गोली ना रे, निळ्या शर्टातला? मी मधून मधून ओरडेन, आवाज ओळखून ठेव.