बत्ती बंद झाल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

फौजेत मी २६ वर्षं काढली. त्यातली चार वर्षं रंगरुटांचा, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांचा, उस्ताद म्हणून. आता इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. पहाटे फिरायला निघालो की भरतीची तयारी करणारी आपली पोरं धावताना दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचे, छाती किती फुगवायची, सगळं त्यांना पाठ. रात्री बॅरकमध्ये काय घडू शकतं, ते मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आज ते सांगायला आलोय.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. परेडवर चुकलं की रगडा मिळतो. पिट्ठू पाठीवर, मैदानाला चकरा, फ्रंट रोल. तो दिवसाढवळ्या मिळतो, उस्ताद समोर उभा असतो आणि पोरगं कोसळलं तर जबाब त्याला द्यावा लागतो. त्यानं दम वाढतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी बोलतोय ते बत्ती बंद झाल्यानंतरचं. चार-सहा महिने आधी आलेली पोरं नव्या पोराला झोपेतून उठवतात. कपडे धुवून घेतात, मुर्गा बनवतात, पैसे काढून घेतात, बोलीवरून, जातीवरून हिणवतात. आम्ही सोसलं, आता तुझी पाळी! सासुरवास भोगलेली सून सासू झाली की कधी कधी तेच करते ना, तसं.

एका जानेवारीतली रात्र सांगतो. सेंटरचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. साडेअकराला मी बॅरकमागून जात होतो. न्हाणीघरात बादली ओतल्याचा आवाज आला, मग हसणं, मग पुन्हा बादली. मला कळलं होतं. पोरं आहेत, आपसात निस्तरतील, असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेलो. सकाळी गिनतीला एका रंगरुटाच्या वर्दीचं वरचं बटण उघडं होतं. मी सगळ्यांसमोर झापलं. तो बटण लावू लागला, पण बोटं वाकेनात. दोनदा निसटलं. नखं निळी पडली होती. तरी मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत तो घरी निघून गेला. ती बोटं मला अजून दिसतात.

त्यानंतर मी रात्री वेळ न ठरवता, टॉर्च न लावता फेरी मारू लागलो. महिन्याभरात न्हाणीघर शांत झालं. खरं सांगतो, एवढंच लागतं. वरच्यानं रात्री जागं राहायला हवं.

कायदा आहे, आणि चांगला आहे. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४७ प्रमाणे अधिकारी, जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार) किंवा एनसीओनं (हवालदार, नाईक) हाताखालच्या माणसावर हात टाकला, त्याचा छळ केला, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सीनियर रंगरुटाकडे रँक नसते, पण शिस्तभंगाचं कलम ६३ त्यालाही लागतं. आणि कलम २६ जवानाला तक्रारीचा हक्क देतं. वरच्या कोणी अन्याय केला तर कंपनी कमांडरकडे जायचं, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे.

तरी पोरं बोलत नाहीत. सैनिक संमेलनात साहेब विचारतात, कोणाचा काही पॉइंट? शे-दोनशे माणसं गप्प. आता अग्निवीरांचं पाहा. चार वर्षांनी फार तर २५ टक्के पुढे ठेवायचे. आपलं नाव तक्रारखोर म्हणून लागलं तर, ही भीती मला त्यांच्या जागी वाटली असती. म्हणून तक्रार येईपर्यंत थांबणारा अधिकारी मला अर्धाच जागा वाटतो.

रशियात या छळाला नावच पडलंय, देदोवश्चिना. ‘देद’ म्हणजे आजोबा, म्हणजे आधी भरती झालेले. तिथे १९८९ मध्ये सैनिकांच्या आया एकत्र आल्या आणि मुलांसाठी दारोदार फिरल्या. २००८ पर्यंत सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून एक वर्षावर आली, तसे ‘आजोबा’ही कमी झाले. प्रकार पुरता मिटला नाही, पण आयांनी तोंड उघडलं हे मला फार मोठं वाटतं.

कारण आपण घरची माणसं काय करतो? पोरानं फोनवर जरा कुरकुर केली की म्हणतो, फौजेत गेलायस, मामाच्या घरी नाही. त्या दिवसापासून तो ‘मी ठीक आहे’ एवढंच म्हणतो. जेवलास का, हे विचाराच. पण रात्री झोपू देतात का, हेही विचारा. तो गप्प झाला तर फोन ठेवू नका.

आमच्या शेजारचा मुलगा पुढच्या महिन्यात निघतोय. आजीनं शंकरपाळ्यांचा डबा भरायला घेतलाय. मी एका कागदावर कलम २६ मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय, खाली माझा फोन नंबर. आजीनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “भाऊ, याची आणखी एक नक्कल द्या, एक माझ्याकडे राहू दे.”