क्रॅनबेरी थंडीत मरते ती तहानेनं

क्रॅनबेरी म्हटलं की आपल्याला पणजी-मडगावच्या सुपरमार्केटमधलं साखरेत घोळवलेलं लाल पाकीट आठवतं. पण ही वेल मूळची उत्तर अमेरिकेची, विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्स असल्या बर्फाच्या मुलखातली, आणि गंमत म्हणजे तिला थंडीपासून वाचवायला तिथले शेतकरी तिच्यावर मुद्दाम बर्फ चढवतात.

म्हणजे होतं काय, की झोपलेली वेल शून्याखाली बरंच सोसते, पण तिची पानं हिवाळ्यातही झडत नाहीत आणि मुळं असतात अगदी वरवर, त्यामुळे जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही आणि वर सुका वारा पानांतलं पाणी ओढत राहतो. वेल मरते ती अशी सुकून. शिवाय पुढच्या वर्षीच्या फुलांचे कळे आधीच तयार झालेले असतात, ते गेले की पीक गेलं.

म्हणून साधारण डिसेंबरात शेतात पाणी सोडतात. चारी बाजूंनी बांध आणि फळ्या घालून पाणी अडवायचं दार, आपल्या गोव्यातल्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली, मानस डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे भरती-ओहोटी नाही, सगळं माणसानं ठरवायचं. वेली बुडाल्या, पाणी गोठलं, वारा लागायचा प्रश्नच मिटला. (लाल पाण्यात कमरेभर उभी असलेली माणसं फोटोत दिसतात ना, ती काढणी, ते पाणी वेगळं.)

आता बर्फ आला म्हणून निवांत झोपायचं नाही हां. त्यावर हिम साचून राहिलं तर उजेड आत जात नाही, पानं प्राणवायू बनवायची थांबतात पण श्वास चालूच, मग पाण्यातला प्राणवायू संपतो आणि वसंतात पानं गळतात, कळे वाया. अशा वेळी बर्फाखालचं पाणी काढून टाकतात.

बर्फ जाड असला की त्यावर गाडी घालून अर्धा ते 2 इंच वाळू पसरतात, दर वर्षी नाही, 2 ते 5 वर्षांनी. बर्फ वितळला की वाळू आपसूक खाली बसते, खोडांना नवी मुळं फुटतात. वाळूचा हा फायदा मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या हेन्री हॉल या शेतकऱ्यानं 1816 च्या सुमारास हेरला.

खरी कसोटी मात्र वसंतात, कळे फुलायला आले की उणे 1 डिग्रीलाही जातात. तेव्हा रात्रभर स्प्रिंकलर चालवतात, कारण एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता सोडतं, ती कळ्याला मिळते. मध्येच पंप बंद पडला तर कोरड्या वाऱ्यात ओला कळा उलट जास्त गारठतो. म्हणून पहाटे कोणीतरी पंपाजवळ जागं लागतंच.

मघाशी एका भाईंनी विचारलं, गोव्यात सत्तरी तालुक्यात लावून बघू का. नको. हिला कळे फुटायला कित्येक शेकडो तास 7 डिग्रीखालची थंडी लागते, आणि फ्रिजमध्ये काय शेती होत नाही. करवंदं लावा.